फुटाला एक सूत

कोल्हापुरात मास्तरकीला लागल्यावर पहिली तीन वर्षं मी एका मोटारीत राहिलो. माझी खाट डाव्या सीटवर होती, स्टोव्ह इंजिनाच्या जागी होता आणि पाण्याचा माठ मागच्या उजव्या चाकावर. मोटार तेवढी अजून यायची होती. तूर्त ती खोलीच्या शहाबादी फरशीवर खडूनं काढलेली होती, पुऱ्या मापाची, दिवे आणि मडगार्डं धरून. आठवडाभरात माझ्या पायांनी पुसलेल्या रेघा गिरवायला घरमालक दर रविवारी सकाळी यायचे. मी अजून खाटेवरच असायचो. "झोपा, झोपा मास्तर," ते म्हणायचे, "मी फकस्त बॉनेट करून जातो." आणि दंडाएवढा खडू घेऊन उकिडवे बसायचे.

कुणी पाहुणा आला आणि सरळ माझ्याकडं चालत आला, की मालक कुठूनतरी ओरडायचे, "पावणं, दारातनं या की, मडगार्डावरनं कशाला?" पाहुणा बिचारा आपण दारातूनच आलो हे वळून बघायचा. मग मी त्याला खडूचं दार दाखवायचो. दुसऱ्यांदा आलेले लोक आपण होऊन वळसा घालून यायचे.

ही खोली मला मिळाली तीच एका अटीवर. घर उद्यमनगराच्या कडेला. रस्त्याच्या अंगाला ही मोठी खोली आणि तिला दोन फळ्यांचं रुंद दार. पूर्वी तिथं लाकडाचा साठा असायचा. मालक पॅटर्नमेकर होते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो, फर्मा म्हणतात त्याला. वाळूत फर्मा दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पंपाची, इंजिनांची कितीतरी अंगं आधी मालकांच्या हातून लाकडात झाली आणि मग फौंड्रीत लोखंडात. झालेली वस्तू बघायला मात्र ते कधी गेले नाहीत. फर्मा दिला की त्यांच्या लेखी विषय संपला. "आपलं काम तयारीपत्तोर," म्हणायचे.

खोली दाखवताना मला म्हणाले, "गाडी आली की खोली सोडायची. आत्ताच बोलल्यालं बरं."

मी विचारलं, गाडी कधी येणार?

"तयारी झाली की."

मी चंदगडाकडचा, गावात नवा. मला वाटलं दीड-दोन महिने. मग एक दिवस मालकीणबाईंना पापडाचा डबा डोक्यावर घेऊन शिडीनं माडीवर चढताना बघितलं आणि जिना का नाही म्हणून विचारलं. जिन्याची तयारी नऊ वर्षं चालू होती. मी निश्चिंत झालो आणि भिंतीला आरसा ठोकला.

गाडी साधीसुधी नव्हती. मुंबईला एक गृहस्थ जुन्या विलायती स्पोर्ट गाडीची हुबेहूब नक्कल तयार करत. उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची. पण ते अख्खी गाडी देत नसत. फायबरचं अंग, काच, दिवे, सीटा, नटबोल्ट असं सगळं सुटं खोक्यांत घालून पाठवत. आपण एक जुनी मोटार मिळवायची, तिचं इंजिन आणि खालचा सांगाडा ठेवून वरचं सगळं उतरवायचं आणि त्यावर हे नवं अंग चढवायचं. त्या काळात साध्या स्कूटरला नंबर लावला तर ती येईपर्यंत माणसाच्या डोक्यावरचे केस जायचे. त्यामुळं खोक्यातून निघणारी मोटार ही कल्पना मला तरी काही वेडेपणाची वाटली नाही. मालकांनी मुंबईहून तिचं चोपडं मागवलं होतं. इंग्रजीत होतं, म्हणून संध्याकाळी मी वाचून सांगायचो. मी गणिताचा मास्तर, माझं इंग्रजी बेताचं. अडलं की मी मनानं काहीतरी सांगायचो आणि मालक ते वहीत लिहून घ्यायचे. अजून कुठं ती वही असली तर देव करो आणि तिच्याबरहुकूम कुणी मोटार न जोडो.

शेजारच्या एका टर्नरनं एकदा छेडलं, "मालक, एवढं करून शेवटी नक्कलच की."

मालक शांतपणे म्हणाले, "फर्मा बी नक्कलच असतोय. अस्सल त्याच्यातनंच निघतंय."

खोकी मागवण्याआधी मालकांनी केलेल्या खरेदीत मोटारीचं असं काही नव्हतं. एक रबरी फुग्याचा भोंगा, धुळीचे चष्मे दोन आणि मालकीणबाईंचा पदर उडू नये म्हणून एक लोकरी मफलर. भोंगा माझ्या खिडकीला लावला होता. शाळेला उशीर होतोय असं वाटलं की मालक बाहेरून वाजवायचे. जुनी मोटारही त्यांनी हेरून ठेवली होती. रंकाळ्यापलीकडं एका मळ्यात ती चिंचेखाली उभी होती. महिन्यातून एकदा मालक सायकलवरून तिची चौकशी करायला जायचे. एकदा मलाही नेलं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालकांनी दार हळूच लावून घेतलं आणि म्हणाले, "तिची बी तयारी चाललीया. गडबड नको."

मालकांना मोटार चालवता येत नव्हती. सायकल यायची, तिच्यावरून उतरायलाही भिंत लागायची. पण तयारीत चालवणंही आलंच. रविवारी संध्याकाळी दोघं नवरा-बायको माझ्या खोलीत यायचे. मी खाट उभी करायचो, त्या जागी दोन स्टुलं मांडली जायची. मालक उजवीकडं, मालकीणबाई डावीकडं, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आणि दोघं पन्हाळ्याला निघायचे. चष्मे लावून, मफलर बांधून. शिवाजी पूल ओलांडायचे, वडणग्याचा फाटा मागं टाकायचे. केर्लीत हमखास म्हशी आडव्या यायच्या. मालक ब्रेक दाबून बसायचे. बऱ्याच वेळानं मालकीणबाई म्हणायच्या, "गेल्या की म्हशी. घ्या म्होरं." मग घाट, वाघबिळाचं वळण, आणि वर पोचल्यावर लाडू. मला पण एक मिळायचा, पण खडूच्या बाहेर उभं राहून.

मालकांचा एक प्रश्न होता. कुणी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "कुठल्या पट्टीनं?" पट्टी म्हणजे मोजपट्टी. "अमका माणूस चांगला आहे" म्हटलं, की "कुठल्या पट्टीनं?" आमटी झकास झाली म्हटलं तरी मालकीणबाईंच्या देखत, "कुठल्या पट्टीनं?" त्या मग दोन दिवस नुसतं पिठलं करायच्या. मला ते खवचट बोलणं वाटायचं. त्यामागं धंद्याची काही गोष्ट असेल असं गणिताच्या मास्तराच्या डोक्यातही आलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, गारगोटीची मुलगी आहे, चांगली आहे.

"कुठल्या पट्टीनं, मास्तर?"

"तिच्या वडलांच्या," मी म्हणालो. मालक पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसले.

त्या वडलांनीच घोळ केला. खोली बघायला आले. फरशीवर हे काय म्हणून विचारलं, तर मी रांगोळी म्हणून सांगितलं. मालकीणबाई हौशी आहेत, म्हणालो. ते खूश झाले, पण जाताना सांगून गेले की कोल्हापुरात स्वतंत्र खोली आहे म्हणून मुलगी देतोय. खोली नसेल तर ती गारगोटीतच राहील, जावयानं शनिवार-रविवार यावं. आणि मी त्यांना स्टँडवर सोडून परत येतोय, तोच मालक दारात उभे.

"मास्तर, तयारी संपत आली."

आता एकच काम राहिलं होतं. आयुष्यभराच्या शिरस्त्याप्रमाणं आधी लाकडात. चोपड्यातल्या मापांनी गाडीचा पुऱ्या आकाराचा लाकडी सांगाडा करायचा, त्याला खालून छोटी चाकं लावायची आणि खोलीत करून दारातून बाहेर काढायचा. सांगाडा विनासायास बाहेर पडला, की दुसऱ्या दिवशी मुंबईला ऑर्डर आणि पाडव्याला माझी खोली खाली. गाडी रुंदीला बरोबर पाच फूट. दार मालकांनी स्वतः मोजलेलं, पाच फूट अर्धा इंच. अर्धा इंच कमी नाही का, मी आशेनं विचारलं. "सुताराला अर्धा इंच म्हंजे खासबाग मैदान," ते म्हणाले.

लग्न वैशाखात होतं.

त्यातच मालकांचा उजवा अंगठा शिकंज्यात सापडला. हे एवढं बोचकं बांधलं. पण काम थांबवायचं नाही. म्हणाले, "मास्तर, तुम्ही गणितवालं. चोपडं वाचा आणि खुणा करा. कापायला आमच्या दुकानातला माणूस हाय."

आता खरं सांगतो. पहिली खूण करायला पेन्सिल टेकवली तेव्हा माझ्या मनात पाप आलं. रुंदीत एक इंच, फक्त एक इंच वाढवला की सांगाडा दारात अडकणार, खोली माझी, आणि गारगोटीला दर शनिवारी उभ्यानं एस.टी. नाही. कुणाला कळलंही नसतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि बाहेर जाऊन चूळ भरून आलो. मग ठरवलं, नाही. या माणसानं पहिल्या दिवशी अट सांगितली होती. आपण सरळ काम करायचं. हत्यारांच्या पेटीत वरच एक पोलादी पट्टी होती, ती घेतली आणि एकेक माप तीन-तीनदा मोजलं. मालक स्टुलावर बसून बघत होते. एवढ्या इमानदारीनं मी त्याआधी काही केलं नव्हतं आणि नंतर केल्याचंही आठवत नाही.

पंधरा दिवसांत सांगाडा झाला. देखणा झाला. लांब नाक, वळलेली मडगार्डं, सगळं नुसत्या पट्ट्यांचं. मालकांनी डाव्या हातानं त्यावरून हात फिरवला, दारापाशी थोडे थांबले, मग म्हणाले, "झ्याक." एवढंच.

रविवारी सकाळी सांगाडा बाहेर काढायचा ठरला. तयारीला गर्दी जमवायची नाही, असा नियम होता, म्हणून आम्ही तिघंच. मालकीणबाईंनी नारळ आणला होता. मी मागून ढकललं. नाक बाहेर गेलं, पुढची चाकं उंबऱ्याच्या उतारावर आली, आणि मडगार्डं चौकटीत बसली. बसली म्हणजे बसलीच. मी आणखी जोर लावला, तर चौकट करकरली. मालक वाकले, कडेला नख लावून बघितलं.

"एक सूत," म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांचं माप.

मी तोंड शक्य तितकं लांब केलं. आतून असा आनंद झाला होता की ढकलण्याच्या निमित्तानं मी मान खाली घातली, ती वर काढेना. बाजूला कलवून निघेल का, असं आपलं सज्जनपणानं विचारलंही. मालक म्हणाले, "गाडी कलवून रस्त्यावर आणत्यात व्हय?" मग थोडा वेळ त्यांनी नाकाकडं बघितलं. रस्त्यावरून एक म्हैस गेली. मालकीणबाई नारळ पदराखाली घेऊन आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "च्या टाकते."

मालक मला म्हणाले, "मास्तर, मावत न्हाय. तारीख काय म्हणालासा लग्नाची?"

सांगाडा मागं ओढून पुन्हा खोलीत घेतला. सुटा करून बाहेर काढायचं मी सुचवलं, तर जोडलेलं काम मी मोडत नाही म्हणाले. अशा रीतीनं खडूची मोटार जाऊन माझ्या संसारात लाकडाची आली. बायको पहिल्यांदा आत आली तेव्हा माप ओलांडून तिनं समोर बघितलं. "ही रांगोळी का?" तिनं विचारलं. वडलांनी तिला सांगून ठेवलं होतं. पण आठ दिवसांत ती रुळली. बॉनेटमध्ये भांडी लागली, मडगार्डांवर ओले कपडे, मागं तांदळाचा डबा. पुढं मूल झालं, तर पाळण्याला आढं शोधावं लागलं नाही. रविवारच्या पन्हाळ्याच्या फेऱ्या चालूच राहिल्या, आता स्टुलं सांगाड्याच्या आत. बायको तांदळाच्या डब्यावर बसून शेंगा सोलत मागून जायची. तिला त्यांनी जागा दिली, मला कधी दिली नव्हती.

उलगडा झाला तो एका फळीनं. भिंतीतल्या कोनाड्यात बायकोला फळी हवी होती. कोनाडा मी माझ्या शाळेच्या लाकडी पट्टीनं मोजला. फळीवर खूण करताना ती पट्टी मुलानं कुठं टाकली ते सापडेना, म्हणून मालकांच्या पेटीतली पोलादी घेतली. कापलेली फळी कोनाड्यात जाईना. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. शेवटी शाळेची पट्टी पाळण्यात सापडली आणि मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. एकीचा फूट संपला तरी दुसरीचा संपला नव्हता. बरोबर एका सुतानं पुढं होता.

मी धावत टर्नरकडं गेलो. तो पोट धरून हसला. म्हणाला, मास्तर, ही आकसाची पट्टी. लोखंडाचा रस थंड झाला की आकसतो, फुटाला एक सूत. म्हणून फर्मा तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठ्या इंचांची असते. ती फक्त ओतायच्या कामाला. साध्या कामाला साधी पट्टी.

पाच फुटांना पाच सुतं. दारात मोकळीक होती चार सुतांची. आडवं आलेलं एक सूत माझं होतं.

पुढचे काही आठवडे मी मालकांना टाळत हिंडलो. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ कबूल करता आलं असतं. पण मी इमानदारीनं मोजलं होतं आणि तरी नेमकं मला हवं तेच झालं होतं, यावर कोण विश्वास ठेवणार? मीच ठेवला नसता. एका म्हाताऱ्याची गाडी मी खाल्ली आणि वर तिच्यात भांडी लावली. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. पूर्ण ऐकलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "दाराची चौकट लाकडाचीच आहे ना?"

"हो."

"आणि ते सुतार?"

"हो."

"अहो, मग एक सूत चौकट रंध्यानं तासायला त्यांना किती वेळ लागला असता? ही भाकरी भाजेपर्यंत तासली असती की."

मी त्या चौकटीतून किती वर्षं दिवसातून दहादा ये-जा करत होतो.

रविवारी मालक आणि मालकीणबाई आले. चष्मे लावले, मफलर बांधला. बायको डब्यावर बसली. मी सांगाड्याबाहेर, पाळण्याची दोरी धरून उभा. पूल गेला, फाटा गेला. केर्लीत म्हशी आल्या आणि मालक ब्रेक दाबून थांबले. म्हटलं, आता नाही तर कधी नाही.

"मालक," मी म्हणालो, "त्या वेळी माप मी आकसाच्या पट्टीनं घेतलं होतं."

मालकीणबाईंनी लाडवाच्या डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. मालक समोर म्हशींकडं बघत होते.

"मग?" ते म्हणाले. "मी इचारलं व्हतं का तुम्हाला, कुठल्या पट्टीनं?"

कधी नव्हतं विचारलं. सगळ्या कोल्हापुराला विचारणाऱ्या माणसानं त्या पंधरा दिवसांत मला तेवढं एक विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "आणि गाडी?"

"तयारी चालू हाय की," मालक म्हणाले. मग चष्म्यातून माझ्याकडं नीट बघितलं. "भाईर का हुबं ऱ्हायलाय? बसा मागं. जिथनं तिथनं चढू नका, दारातनं या."

मी वळसा घालून दारातून आत गेलो आणि बायकोशेजारी तांदळाच्या डब्यावर अर्धा टेकलो. पाळण्याची दोरी हातातच होती.

"गेल्या म्हशी," मालकीणबाई म्हणाल्या. "घ्या म्होरं."

मालकांनी गिअर टाकला. घाट लागला, आणि वाघबिळाच्या वळणावर आम्ही चौघंही एकदमच उजवीकडं कललो.